ब्रिजला दणका, मग नेकला काय?

पावसाळ्यात बाल्कांवात बसून सोल्डरिंग करायचं म्हणजे एक कान लाइटीकडे ठेवावा लागतो. सोल्डरिंग आयर्न तापून टोकावर कथिल चमकायला लागलं की नेमकी लाइट जाते. जूनमधल्या अशाच एका दुपारी भाचा डिचोलीहून फोंड्याला आला. गिटारच्या बॅगेला रेनकोट घातलेला, स्वतः नखशिखांत भिजलेला. सोप्यावर टेकायच्या आधीच सुरू झाला:

"मामा, ब्रिजवर वाघ आहे रे. पण नेकवर टाकलं की गोधडी पांघरून वाजवल्यासारखं वाटतं. नवा नेक पिकअप घ्यायचाय. ब्रिजसारखाच जोरदार घेऊ ना? सेटच मिळतो."

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिज आणि नेक या दोन पिकअपच्या जोडीचा हा प्रश्न मला वर्षाकाठी चार-पाच जण तरी विचारतात. वीस वर्षांपूर्वी मीही विचारला होता आणि मिळालेलं उत्तर ऐकून चुकीचा पिकअप घेतला होता. भाच्याला मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "ब्रिजचा आकडा आधी डोक्यातून काढ." त्यापुढचं समजावण्यात संध्याकाळ गेली. तेच इथे लिहून ठेवतो. आमच्या घरात हे सगळं बोलणं कोकणीत झालं. लिहायला बसलो की माझा हात मराठीकडे वळतो, आमच्या तालुक्यात बऱ्याच जणांचं तसंच आहे.

पिकअप म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जे आयताकृती डबे बसवलेले असतात ते पिकअप. आत लोहचुंबक आणि त्याच्या अवतीभवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. तीच पुढे अॅम्प्लिफायरला जाते. एकाच कॉइलचा पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघरही पकडतो. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, त्यांच्याखालची चुंबकाची टोकंही उलट. त्यामुळे घरघर आपसात कटते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या पुलाजवळ बसतो तो ब्रिज पिकअप, दांड्याच्या तोंडाशी बसतो तो नेक पिकअप.

आता खरी गोष्ट. ब्रिज आणि नेक यांत फरक पिकअपचा कमी आणि जागेचा जास्त असतो.

भाचा कला अकादमीत तबला शिकलाय, म्हणून त्याला तबल्यावरून सांगितलं. एकाच पुडीवर चाटेवर बोट मारलं की टणत्कार येतो, शाईवर मारलं की वेगळा, लवेवर आणखी वेगळा. चामडं तेच, हात तोच. गिटारची तारही तशीच आहे, फक्त इथे आपण मारण्याची जागा नव्हे तर ऐकण्याची जागा बदलतो. पिकअप हा तारेला लावलेला कान. पुलाशी लावला तर कडक, टोकदार ऐकू येतं. तारेच्या पोटाकडे सरकवला तर गोल, खर्जाचं.

किती फरक? मोकळी जाड तार छेडून तिच्याकडे नुसतं बघा. दांड्याच्या तोंडाशी ती धुरकट पट्ट्यासारखी दिसते, पुलापाशी जवळजवळ स्थिर. कागदावर मांडायचं तर तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरू, फेंडर घराण्याच्या गिटारींत ती असते. ब्रिज पिकअप पुलापासून साधारण ४० मिलिमीटरवर, नेक पिकअप १६० च्या आसपास. तारेच्या मूळ सुराचं झोके घेणं मोजलं तर नेकपाशी ते ब्रिजपेक्षा साडेतीन पटींहून जास्त भरतं. वरच्या स्वरांशांत, म्हणजे ज्यांनी आवाजाला धार येते त्यांत, ही तफावत एवढी राहत नाही. म्हणजे नेकला ताकद फुकटात मिळते, आणि तीही मुख्यतः खर्जाची. ब्रिजला ती विकत घ्यावी लागते, जास्त वेढे गुंडाळून किंवा दांडगा चुंबक लावून.

"म्हणून ब्रिज हाय-आउटपुट, म्हणजे जास्त जोराचा असतो?" भाचा म्हणाला.

अर्धं कारण ते. दुसरं अर्धं इतिहासात आहे. सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने गिब्सन कंपनीसाठी हंबकर बनवला. पेटंटचा अर्ज १९५५ सालचा, गिटारींवर तो दिसू लागला १९५७ पासून, पेटंट हाती आलं १९५९ मध्ये. त्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली असायची. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आजही पीएएफ म्हणतात. गंमत अशी की तेव्हा नेकचा आणि ब्रिजचा असे वेगळे पिकअप बनतच नव्हते. टोपलीतून जो हाती आला तो बसवला. साहजिकच नेक दणदणीत आणि ब्रिज बारीक वाटायचा, आणि वादक नेक पिकअप स्क्रूने खाली उतरवून भागवत. मग १९७२ मध्ये पिकअप बनवणाऱ्या लॅरी डिमार्झिओने 'सुपर डिस्टॉर्शन' आणला: सिरॅमिक चुंबक, वेढे भरपूर. तेव्हाचे अॅम्प मागून जोराचा धक्का दिल्याशिवाय आवाज फाडायला तयार नसत आणि हा पिकअप तो धक्का द्यायचा. आता पन्नास वर्षांनी बोटाएवढ्या पेडलमध्येही हवा तेवढा गेन, म्हणजे सिग्नल फुगवण्याची ताकद मिळते. तरी 'हॉट' या शब्दाची भूल उतरलेली नाही. माझं स्पष्ट मत आहे की आज निम्म्याहून जास्त लोकांना हाय-आउटपुट पिकअपची गरजच नसते. पण भाच्याला त्याचा ब्रिज आवडतो, तो जड (हेवी) संगीत वाजवतो, आणि त्या ब्रिजची करवतीसारखी धार मलाही आवडली. तो राहणार. प्रश्न नेकचा.

आकड्यांचा घोळ

भाच्याने मोबाइलवर यादी काढली होती. ब्रिज १६ किलोओम, म्हणून नेकही १३-१४ किलोओमचा हवा, असा त्याचा हिशेब. नेट बघून बहुतेक जण हाच हिशेब मांडतात.

किलोओममध्ये मोजतात तो कॉइलच्या तारेचा रोध. तार लांब तर रोध जास्त. तार बारीक तरीही रोध जास्त. जुन्या घाटाच्या हंबकरमध्ये बहुधा ४२ गेजची तार असते, हॉट पिकअपमध्ये बऱ्याचदा ४३ किंवा ४४ ची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), कारण तेवढ्याच चौकटीत जास्त वेढे बसवायचे असतात. बारीक तारेने रोध भराभर वाढतो, ताकद तेवढी वाढत नाही. म्हणून १६ किलोओमचा पिकअप ८ किलोओमवाल्याच्या दुप्पट जोराचा असतो हे खोटं. आणि चुंबक कोणता आहे हे तर या आकड्यात कुठेच येत नाही. चुंबक पूर्ण काढून टाकला तरी मीटर तेवढेच किलोओम दाखवेल!

शिवाय हा आकडा हवेप्रमाणे बदलतो. तांब्याचा रोध एका अंश सेल्सिअसला जवळपास ०.४ टक्क्याने वाढतो. एसी लावलेल्या खोलीत २२ अंशांवर जो पिकअप ८ किलोओम दाखवेल, तोच मे महिन्यातल्या दुपारी आमच्या बाल्कांवात ३४ अंशांवर ८.४ च्या आसपास दाखवतो. एकदा एक जण मीटर घेऊन माझ्याशी वाद घालायला आला होता की मी त्याचा पिकअप बदलला. त्याला आत नेऊन पंख्याखाली अर्धा तास बसवला, त्यालाही आणि गिटारलाही. मीटर खाली आला, तोही निवला.

ज्याला खरंच एक आकडा बघायचाय त्याने इंडक्टन्स बघावा, तो हेन्रीमध्ये मोजतात. पीएएफ घराण्याचा नेक पिकअप ४ ते ५ हेन्रीच्या घरात असतो, हॉट हंबकर ७-८ किंवा त्याही पुढे. हा आकडा आवाजाशी थेट बोलतो. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक हर्ट्झवर आवाजात एक उंचवटा तयार होतो, त्याच्या वरची तीप, म्हणजे उंच पट्टीतला आवाज, झपाट्याने गळते. साधारण ६ मीटरची केबल धरली, मीटरला १०० पिकोफॅरॅड, तर एकूण ६०० होतात. साडेचार हेन्रीच्या पिकअपचा उंचवटा मग ३,००० हर्ट्झच्या जवळ येतो, आठ हेन्रीवाल्याचा २,३०० च्या. ब्रिजवर हा उंचवटा खाली आला तर बिघडत नाही, उलट बरंच होतं. तिथे मुळात तीप जास्त असते, थोडी कापली गेली की आवाजाला मांस येतं. नेकवर मात्र आधीच खर्ज दुप्पट-तिप्पट आणि तीप तुटपुंजी. तीही कापली की उरते ती गोधडी. भाच्याने वापरलेला शब्द अगदी बरोबर होता.

त्याचा जुना नेक पिकअप मोजला. १३.८ किलोओम. गिटार बनवणाऱ्याने दोन्हीकडे दांडगे पिकअप बसवून दिले होते, आणि आता तो पैसे खर्चून तसाच आणखी एक घेणार होता.

छपराची गोष्ट

इथे त्याने वकिली मुद्दा काढला. "पण मामा, नेक कमजोर घेतला तर सोलो घेताना आवाज पडणार नाही का?"

नाही, आणि का नाही ते समजलं की निवड अर्धी सोपी होते. डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाला घातलेलं बुटकं छप्पर. सिग्नल उंच उडी मारतो आणि डोकं आपटतो. वरचा भाग चपटा होतो, त्या चपटेपणालाच आपण फाटलेला आवाज म्हणतो. छपराखाली पाच फुटी आणि साडेपाच फुटी माणूस सारखेच दिसतात. म्हणजे गेन भरपूर असेल तर ७ किलोओमचा नेक आणि १६ चा ब्रिज कानाला जवळजवळ एकाच मोठेपणाचे लागतात. फरक पडतो तो छपराला काय आपटलं याने. नेकने खर्जाचं लोढणं आणून आपटलं तर तेवढीच जागा ते व्यापतं आणि बाकीचे सूर त्याच्याखाली दबतात. भात शिजवायला ठेवला होता, पेज झाली.

हे तपासायला एक छोटा प्रयोग. गेन चढवा, नेकवर या, सहाव्या तारेवर पाचवं घर (फ्रेट) आणि पाचव्या तारेवर चौथं घर दाबून दोन्ही एकदम छेडा. षड्ज आणि शुद्ध गंधार, बस. दोन सूर वेगळे कळले तर पिकअप चांगला. गुरगुर ऐकू आली तर किलोओम कितीही असोत, तो नेकसाठी नाही. भाच्याच्या गिटारवर ट्रॅक्टर चालू झाल्यासारखं वाजलं.

तफावत उघडी पडते ती क्लीन, म्हणजे न फाटलेल्या आवाजात, कारण तिथे छप्पर नसतं. ब्रिजवरून नेकवर गेलात आणि आवाज एकदम चढला, तर नेक फार जोराचा आहे. पडला तर कमजोर. आणि इथेच ती साडेतीन पट कामी येते: कागदावर निम्म्या आकड्याचा नेक पिकअप जागेच्या बळावर हॉट ब्रिजच्या बरोबरीला येऊन बसतो. सेमूर डंकन कंपनीच्या 'जेबी' आणि 'जॅझ' या पिकअपची जोडी गिटारवाल्यांत इतकी चालली ती यामुळेच. ब्रिजला १६ किलोओमच्या पुढचा जेबी, नेकला साडेसातच्या आसपासचा जॅझ. नाव जॅझ असलं तरी तो जड संगीतात भरपूर वाजतो, नावावर जाऊ नये.

मग घ्यायचा कोणता

जड वाजवणाऱ्याने, हॉट ब्रिजसोबत, डोळे झाकून घ्यायचा असेल तर ७ ते ८ किलोओमचा, अॅल्निको ५ चुंबकाचा, पीएएफ घाटाचा हंबकर घ्यावा. अॅल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेलं लोखंडी मिश्रण. पुढचा आकडा प्रतीचा. ५ नंबरचा खर्ज आवळून धरतो आणि तिपेला मोकळीक देतो. २ नंबरचा मवाळ, खर्ज सैल, सूर फुगून येतो. मंद ब्लूज वाजवणाऱ्याला तो गोड वाटतो, पण गेनखाली जलद ताना घेतल्या की त्याचे सूर एकमेकांना चिकटतात. मला स्वतःला २ नंबर आवडतो. भाच्याला मी तो घेऊ दिला नाही.

नेकला सिंगल कॉइल हा दुसरा मार्ग, आणि क्लीन आवाजासाठी खरं तर सगळ्यांत सुंदर. पाण्याचे थेंब पडावेत तसे सूर सुटे पडतात. अडचणी दोन. एक म्हणजे हंबकरसाठी गिटारमध्ये ५०० किलोओमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे बदलते रोध) असतात, सिंगल कॉइलला २५० चे लागतात, नाहीतर आवाज टोचतो. उपाय स्वस्त आहे: नेकच्या गरम (सिग्नलच्या) वायरपासून जमिनीपर्यंत (ग्राउंडपर्यंत) ४७० किलोओमचा एक रेझिस्टर टाकायचा, म्हणजे फक्त त्या पिकअपला पॉट साधारण २४० चा भासतो. जोडणी मात्र पिकअप निवडायच्या स्विचच्या अलीकडे करायची, पलीकडे केली तर ब्रिजचीही धार जाते. दुसरी अडचण घरघरीची. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणाऱ्यांना ती चांगली माहीत आहे. माडांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, बियरचा फ्रीझर आणि आपला अॅम्प सगळे एकाच बोर्डावर. डिसेंबरात एका रात्री मी सिंगल कॉइल घेऊन गेलो होतो, दोन गाण्यांच्या मधे फ्रीझरच लोकांना जास्त ऐकू येत होता. तुमचं वाजवणं तशा जागी असेल तर सिंगल कॉइलच्या आकाराचा पण आतून हंबकर असलेला पिकअप बघा; सुटेपणा थोडा कमी, शांतता पूर्ण.

अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचं गणित वेगळं. ईएमजी कंपनीच्या ८१ आणि ८५ या प्रसिद्ध जोडीत ब्रिजला सिरॅमिकचा ८१ आणि नेकला अॅल्निकोचा ८५ बसवायची पद्धत आहे, दोघांना ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओमचे पॉट लागतात. एक अॅक्टिव्ह आणि एक साधा असा संसार मांडू नका, तो क्वचितच टिकतो.

विकत घ्यायच्या आधी गिटारची घरं मोजा. २२ घरांच्या गिटारवर नेक पिकअप तारेच्या चौथाईपाशी येतो. मजा अशी की तिथे बाराव्या घरात सूर दाबला तर पिकअप बरोबर उरलेल्या तारेच्या मध्यावर असतो. मध्यावर मूळ सूर सगळ्यांत जोरात आणि त्याचा वरचा सप्तक जवळजवळ गप्प, म्हणून तिथल्या सुराला बासरीचा गोलावा येतो. पूर्ण गप्प नाही, कारण हंबकरच्या दोन कॉइल दोन जागी ऐकतात. २४ घरांच्या गिटारवर दांडा लांबतो आणि पिकअप साधारण २ सेंटिमीटर पुलाकडे ढकलला जातो. बासरी कमी होते, स्पष्टता वाढते. भाच्याची २४ घरांची आहे. तरीही गोधडी होती, यावरून तो पिकअप किती दाट असेल बघा. २२ घरं असतील तर आणखी हलका, आणखी उजळ नेक घ्यावा लागतो.

आणि व्हॉल्यूमची बटणं किती आहेत तेही बघा. लेस पॉल घाटाच्या गिटारवर दोन्ही पिकअपना स्वतंत्र व्हॉल्यूम असतो, तिथे थोडी तफावत हाताने सावरता येते. एकच बटण असेल तर जे काय जुळवायचं ते पिकअपमध्येच जुळवायला हवं. पिकअपवर प्रत्येक तारेखाली लोखंडी खांब असतो, त्यांतल्या कडेच्या दोन खांबांमधलं अंतरही तपासा: नेकचा पिकअप साधारण ४९-५० मिलिमीटरचा, ब्रिजचा रुंद ५२-५३ चा. चुकून ब्रिजचा रुंद पिकअप नेकला बसवला तर कडेच्या तारा खांबांच्या आत पडतात. आवाजावर फार परिणाम होत नाही, पण ते बघवत नाही.

खर्च न करता

पिकअप लगेच मागवायला मी भाच्याला मना केलं. आधी असलेल्यावर दोन गोष्टी करून बघितल्या.

पहिली, उंची. शेवटचं घर दाबून धरायचं आणि तारेच्या तळापासून खांबाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. त्याचा नेक पिकअप तारेला जवळजवळ चिकटला होता, दीड मिलिमीटरवर. उंचीच्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. चार फेरे खाली उतरवला. मग उलटं: खांबांचे छोटे स्क्रू वर काढले, एक-एक फेरा. कॉइल दूर आणि खांब जवळ, यामुळे आवाज हलका होतो पण नेमका होतो. (किनाऱ्याजवळ राहत असाल तर हे स्क्रू गंजलेले असणार. जोर लावून स्क्रूचं डोकं झिजवू नका. आधी थेंबभर तेल, मग चहा, मग पेचकस.)

दुसरी, पॅरलल जोडणी. हंबकरमधून चार वायरी बाहेर येत असतील तर दोन्ही कॉइल एकापाठोपाठ जोडायच्या ऐवजी समांतर जोडता येतात. रोध आणि इंडक्टन्स दोन्ही चौथाईवर येतात, ताकद घटते, आवाज सिंगल कॉइलच्या अंगाने उजळतो, आणि घरघर मात्र कटलेलीच राहते. मीटरवर १३.८ चे साडेतीन झाले तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता, जणू मी त्याची मोटरसायकल मोपेड करून टाकली. मग वाजवलं. दोन सूर वेगळे कळले! क्लीनमध्ये तर छानच. गेनवर सोलो घेताना जरा पातळ वाटत होतं, तेवढंच.

त्याच्यावर तो दोन महिने वाजवत होता. कोणाला तेवढंच पुरलं तर पैसे वाचले.

नाकातला आवाज

चतुर्थीच्या आधी त्याने अखेर पिकअप मागवला, दुसऱ्या कंपनीचा, साडेसात किलोओमचा, अॅल्निको ५. इथे माझी एक जुनी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. मडगावात एका लग्नाच्या रिसेप्शनला मी दुपारी पिकअप बदलून संध्याकाळी वाजवायला उभा राहिलो. ब्रिज ठीक, नेक ठीक, स्विच मधे टाकला की आवाज सर्दी झाल्यासारखा नाकातून. दोन्ही पिकअप एकमेकांना खोडत होते: एक तार वर जाताना होकार देत होता, दुसरा नकार. याला फेज उलटणं म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र आले की हे बऱ्याचदा होतं, कारण वायरींचे रंग सारखे असले तरी अर्थ वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी वायर गरम आणि हिरवी जमीन. डिमार्झिओमध्ये लाल गरम आणि हिरवी जमीन, काळी-पांढरी जोडून ठेवायची. मी काळी बघून डोळे मिटून डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं होतं. त्या रात्री मधला स्विच मी वापरलाच नाही.

डाग द्यायच्या आधी तपासणं सोपं आहे. काट्याचा जुना मीटर असेल तर उत्तम. पिकअपच्या दोन टोकांना लावा आणि खांबांवर पेचकसाचं लोखंडी पातं टेकवा. काटा उजवीकडे उडतो की डावीकडे ते बघा. दोन्ही पिकअपना काटा एकाच बाजूला उडायला हवा. नाहीतर एकाची गरम आणि जमीन वायर अदलाबदल करायची. उघडी, आवरणाची वायर मात्र नेहमी जमिनीलाच राहते.

भाच्याचा काटा पहिल्या वेळी डावीकडे उडाला. वायरी बदलल्या, पुन्हा पातं टेकवलं, उजवीकडे. डाग दिला, तारा चढवल्या, लाइट टिकली. षड्ज-गंधार वाजवला, दोघे वेगवेगळ्या घरात राहणारे सख्खे शेजारी असावेत तसे वाजले. वरच्या घरांत जाऊन एक लांब मींड घेतली आणि आतून आमच्या आईने विचारलं, "बासरी कोण वाजवतंय?"

मग क्लीनवर आला. ब्रिज, नेक, ब्रिज, नेक. कपाळाला आठी.

"मामा, आता ब्रिज थोडा मोठा वाटतोय रे. नेक वर घेऊ?"

मी पेचकस त्याच्या हातात दिला आणि ब्रिजच्या स्क्रूकडे बोट दाखवलं. त्याने तो अर्धा फेरा खाली उतरवला, वाजवून बघितलं, आणि काही न बोलता आणखी अर्धा फिरवला.